आधी बोटं, मग तळवा : ग्वाल्हेरच्या एका दुरंगी हातमोज्यांच्या जोडीची हकिगत

हे हातमोजे माझ्या मामांसाठी विणले गेले आणि विणले त्यांच्या सूनबाईंनी, म्हणजे माझ्या वहिनींनी. मोजमापं आणि नक्षीचा आराखडा माझ्याकडे होता. मामांची ग्वाल्हेरला लष्कर भागात वर्तमानपत्रांची एजन्सी आहे. तरुणपणी ते छापखान्यात होते. तिथे कागद कापायच्या मशीनवर उजव्या हाताची तर्जनी मधल्या सांध्यापासून गेली. उरलेलं बोट साडेचार सेंटिमीटरचं आहे.

ग्वाल्हेरच्या थंडीची कल्पना पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज येत नाही. जानेवारीत पारा 5 अंशांच्या खाली उतरतो आणि धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही. त्या वेळेला, उजाडायच्या आत, बाड्यावर, म्हणजे लष्करच्या मुख्य चौकात, पेपरचे गठ्ठे सोडायचे, पुरवण्या घालायच्या, पोरांना मोजून द्यायचे. तुटलेल्या बोटाच्या टोकाला गारठा इतर बोटांपेक्षा फार झोंबतो. तिथल्या नसा आणि रक्तपुरवठा पूर्वीसारखा राहत नाही, त्यामुळे ही तक्रार वर्षानुवर्षं टिकते. मामा ती बोलून दाखवत नसत, पण घरी आल्यावर तेवढं एक बोट चहाच्या कपाला लावून बसत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा ऐन थंडीत भरतो. तिथून दर वर्षी तयार हातमोजे यायचे. त्यांच्या तर्जनीचा अर्धा भाग रिकामा लोंबायचा, गठ्ठ्याच्या सुतळीत अडकायचा, कागदांमध्ये दुमडून जायचा. मामा तो आत दुमडून सेफ्टी पिन लावत. पिनेमुळे आत जाड घडी व्हायची आणि ती नेमकी दुखऱ्या टोकावर बसायची. शिवाय उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट उघडं नसेल तर पेपर मोजता येत नाहीत. तर्जनी नसल्यामुळे मामा याच दोन बोटांनी मोजतात. मग मोजायच्या वेळी मोजा काढून खिशात, आणि हात पुन्हा गारठलेला.

वहिनींनी आधीच्या हिवाळ्यात एक जोडी घरी विणून पाहिली होती. चार सुयांवर, नेहमीच्या रीतीने: मनगटाची पट्टी, मग तळवा, अंगठ्याची जागा सोडायची, आणि शेवटी एकेक बोट. जगभर बहुतेक हातमोजे असेच विणतात. नॉर्वेतल्या सेल्बू गावी 1857 च्या सुमारास मारित एमस्टाड या मुलीने काळ्या-पांढऱ्या लोकरीचे आठ पाकळ्यांच्या फुलाचे मोजे विणले आणि पुढे त्या गावाचं नाव त्या नक्षीशी कायमचं जोडलं गेलं. तेही मनगटाकडूनच. स्कॉटलंडमधल्या सँकर गावचे बारीक चौकड्यांचे दुरंगी हातमोजेही मनगटाकडूनच सुरू होतात. या रीतीत वाईट काही नाही. हात नेहमीसारखा असेल तर ती उत्तम.

मामांच्या बाबतीत मात्र ती दोन ठिकाणी अडली. पहिलं म्हणजे, मनगटाकडून विणलेल्या बोटाच्या टोकाला उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून तो खेचून बंद करतात. आतल्या बाजूला तिथे गाठोडं होतं. चांगल्या बोटाला ते जाणवतही नाही. मामांच्या तर्जनीला ते सकाळभर टोचत राहिलं. दुसरं, बोटांचं माप चुकलंय की बरोबर आहे हे कळतं सगळ्यात शेवटी. दोन रंगांचं विणकाम एकेरी विणकामापेक्षा कमी ताणतं, कारण आतून दुसऱ्या धाग्याचे पदर आडवे गेलेले असतात. अख्खा तळवा नक्षीसकट पुरा झाला, आणि मग बोट अर्ध्या सेंटिमीटरने आवळ निघालं. ते उसवून मोठं करायचं तर बोटाच्या बुडाशी टाकेच तेवढे नव्हते. मामांनी ती जोडी तक्रार न करता वापरली. “हे एक बोट तेवढं नीट झालं ना, सूनबाई, बाकी कसंही चालेल,” एवढंच म्हणाले.

या वाक्यावरूनच पुढचा सगळा विचार झाला. जे बोट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्यापासूनच सुरुवात करायची. एकेक बोट टोकाकडून विणायचं, मामांच्या हातात घालून बघायचं, बसलं की टाके बिनटोकाच्या पिनेवर ठेवून द्यायचे. पाची बोटं अशी सुटी तयार झाली की ती एकत्र जोडून तळवा विणायचा आणि मनगटाशी संपवायचं. म्हणजे नेहमीचा क्रम पूर्ण उलटा.

आकडेमोड

लोकर अस्सल, चार पदरी, गडद निळी आणि साय रंगाची. ॲक्रिलिकमध्ये रंग भरपूर मिळतात, पण दुरंगी कामात खरी लोकर लागते. तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे आतले आडवे धागे सरकत नाहीत आणि पाण्यात भिजवून आकाराला लावलं की टाके सारखे बसतात. सुया 12 नंबरच्या, म्हणजे 2.75 मिलिमीटर. वहिनींच्या हाताला दुरंगी नक्षीत 10 सेंटिमीटरला 32 टाके आणि 34 फेरे येतात.

मामांचा तळवा बोटांच्या बुडाशी 20 सेंटिमीटर घेराचा. तर्जनी, मधलं आणि अनामिका साधारण 7 सेंटिमीटर घेराची, करंगळी त्याहून बारीक. आतल्या धाग्यांना जागा लागते म्हणून मोठ्या तिन्ही बोटांना 24 टाके धरले, करंगळीला 20. बेरीज 92. तळव्याला मात्र जेमतेम 21 सेंटिमीटरचा घेर पुरे, म्हणजे 68 टाके. मधले 24 टाके कुठे गेले? ते दोन बोटांच्या मधल्या खाचेत. शेजारच्या दोन बोटांच्या आतल्या बाजूचे 4-4 टाके समोरासमोर ठेवून सुई-दोऱ्याने टाक्याला टाका जोडायचा. अशा तीन खाचा, प्रत्येकीत 8 टाके, एकूण 24. तर्जनीचे 20, मधल्याचे 16, अनामिकेचे 16, करंगळीचे 16 उरले. झाले 68.

इथे नक्षीचा प्रश्न आपोआप सुटला, आणि मला या साऱ्या कामात हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो. नक्षी 4 टाक्यांची ठेवली. खाचेत जाणारे टाकेही 4. म्हणजे प्रत्येक बोटाच्या जोडणीत नक्षीचा एक अख्खा घास जातो, अर्धा-पाव कधीच नाही. 24 टाक्यांच्या बोटावर नक्षी सहा वेळा येते, 20 च्या करंगळीवर पाच वेळा, आणि जोडल्यावर तळव्याभोवती बरोबर सतरा वेळा, कुठेही न तुटता. तर्जनीवरून चालत आलेली चौकट मधल्या बोटावरच्या चौकटीशेजारी जाऊन अशी उभी राहते की जोडणी कुठे झाली हे शोधावं लागतं.

हातांच्या वरच्या बाजूला बारीक शंकरपाळे आहेत. पहिल्या फेरीत एक टाका साईचा आणि तीन निळे, दुसरीत तीन साईचे आणि एक निळा, तिसरी पहिलीसारखी, चौथीत शंकरपाळ्यांच्या मधोमध एक ठिपका. तळव्याच्या बाजूला नुसते ठिपके: एक साईचा, तीन निळे, पुढच्या फेरीला दोन टाके सरकवून. वर्तमानपत्राची शाई हाताला लागतेच, म्हणून तळव्यावर फिका रंग कमीत कमी हवा होता. नुसता निळा तळवा मात्र चालला नसता. प्रत्येक फेरीत दोन्ही रंग गोल फिरतात, आणि तळव्यावर फिका रंग कुठेच आला नाही तर त्याचा लांबच लांब धागा आत मोकळा लोंबेल. या दोन्ही नक्ष्यांमध्ये आतला धागा तीन टाक्यांपेक्षा जास्त मोकळा राहत नाही. मोजा घालताना बोट त्यात अडकत नाही. हातमोज्याच्या नक्षीला हा पहिला निकष लावावा असं माझं ठाम मत आहे, नक्षी दिसायला कशी आहे हे त्यानंतर. 68 टाक्यांपैकी 36 वर शंकरपाळे आणि 32 वर ठिपके, दोन्ही 4 ने भाग जाणारे.

उंचीचा हिशेबही जुळायला हवा होता. नक्षी चार फेऱ्यांची. सगळी बोटं जोडणीपाशी पोचताना चौथी फेरी पुरी झालेली असली पाहिजे, नाहीतर एका बोटावर शंकरपाळ्याचं पोट आणि शेजारच्यावर टोक येईल. बोटांची लांबी तर वेगवेगळी. म्हणून मोजणी बुडाकडून मागे केली आणि जे काही कमी-जास्त असेल ते टोकाच्या साध्या निळ्या भागात ढकललं. चांगल्या बोटांची टोकं त्यामुळे निळ्या टोप्यांसारखी दिसतात.

अर्धं बोट

विणकामाला सुरुवातीचे टाके घालायची, जूडी बेकर यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेली एक रीत आहे. दोन सुया एकत्र धरून दोन्हींवर आळीपाळीने टाके घालत जायचं. पायमोज्यांच्या चवड्यासाठी ती निघाली. तिच्यात टोकाला ना शिवण येते ना उंचवटा. जणू मध्येच कुठेतरी विणकाम सुरू झालंय असं दोन्ही बाजूंनी सरळ दिसतं. मामांच्या तर्जनीला हेच हवं होतं.

निमुळत्या बोटाला 8 टाक्यांनी सुरुवात करून एकाआड एक फेरीत चार-चार टाके वाढवतात. मामांचं बोट टोकाला निमुळतं नाही, बोथट आहे. म्हणून तिथे 12 टाके घातले, 6 आणि 6, आणि लागोपाठ तीन फेऱ्यांत चार-चार वाढवून 24 केले. नंतर नक्षीच्या 12 फेऱ्या, तीन पुऱ्या आवृत्त्या. एकूण 15 फेऱ्या, म्हणजे जवळपास साडेचार सेंटिमीटर. सुरुवातीचं धाग्याचं टोक आत न सोडता, वहिनींनी ते जाड सुईने बाहेरच्या बाजूने दोन टाक्यांच्या पायातून नेऊन बोटाच्या कडेला, नक्षी सुरू होते तिथे मुरवलं. आत बोट घातलं की टोकाला लोकरीशिवाय काही लागत नाही.

हे बोट आधी तयार झालं आणि मामांनी ते एकटंच घालून पाहिलं. नळीएवढं ते विणकाम बोटावर चढवून त्यांनी मूठ मिटली, उघडली, टोक टेबलावर दाबलं. मग काढायचं सोडून तसंच ठेवून पेपर वाचायला बसले. वहिनींना माप लिहून घ्यायचं होतं, पण त्यांनी मागितलं नाही.

नमुना म्हणून वेगळा चौकोन विणायची गरज या रीतीत उरत नाही. पहिलं बोट हाच नमुना. टाके आवळ आले असते तर वाया गेलं असतं ते एवढंसं बोट.

उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट टोकाला उघडे ठेवायचे होते. त्यांना सैल हाताने 24 टाके घालून चार फेऱ्या एक सुलट एक उलट, आणि पुढे नक्षी. मधल्या बोटाला 4 अधिक 12 अशा 16 फेऱ्या झाल्या. कड नखाच्या बरीच खाली येते आणि पेराची पकड मोकळी राहते. डावा हात पूर्ण झाकलेला.

अरुंद नळीत दोन रंग विणताना सुयांच्या कोपऱ्यांवर आतला धागा खेचला जातो आणि तिथे नळी आवळते. वहिनींनी यावर नळीच उलटी करून विणली: नक्षीची बाजू आत, धाग्यांची बाजू बाहेर. धाग्याला कोपऱ्याला बाहेरून वळसा घालावा लागतो, म्हणजे तो आपोआप थोडा लांब राहतो. साईचा धागा सतत खालून आणि निळा वरून घेतला. खालून येणाऱ्या धाग्याचे टाके किंचित मोठे दिसतात, आणि उठून दिसायला हवे होते ते साईचेच. मध्येच हा क्रम बदलला तर एकाच नक्षीचे दोन भाग वेगळे दिसतात.

जोडणी

करंगळीचं बूड इतर बोटांपेक्षा खाली असतं. म्हणून आधी तीन बोटं जोडली: 20, 16 आणि 20, मिळून 56 टाके. त्यावर नक्षीची एक आवृत्ती, चार फेऱ्या. मग करंगळी. अनामिकेचे चार गेले, करंगळीचे सोळा आले, 68 झाले. या चार-सहा फेऱ्या संथ गेल्या. चार बोटं लोंबताहेत, सुया एकमेकींना टेकताहेत, खाचेच्या दोन्ही टोकांना भोकं पडू बघताहेत. भोकाच्या जागचा आडवा धागा उचलून शेजारच्या टाक्याबरोबर पीळ देऊन विणला की ती बुजतात.

सोळा फेऱ्यांनंतर अंगठा जोडला. तळव्याचे चार आणि अंगठ्याचे चार एकमेकांना जोडले, राहिले 84. अंगठ्याच्या वीस टाक्यांवर एक निळा एक साईचा असा साधा चौकडा घेतला, कारण तिथे दर दुसऱ्या फेरीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी होत जातो आणि मोठी नक्षी मोडली असती. दहा वेळा घटवल्यावर 64 उरले. त्यातही नक्षी पुरी सोळा वेळा बसते.

सँकरच्या हातमोज्यांवर मनगटाशी मालकाची आद्याक्षरं विणायची पद्धत आहे. ती इथे घेतली. मामांचं नाव ‘म’ने सुरू होतं. सात टाके रुंद, सात फेऱ्या उंच, निळ्यावर साईचा ‘म’, भोवती तळव्याचेच ठिपके. मनगटाकडून विणलं असतं तर अक्षर तळापासून वर आणि उजवीकडून डावीकडे विणावं लागलं असतं. बोटांकडून खाली येताना मात्र, बोटं वर करून मोजा धरला की विणकाम वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे चालतं. वहिनींनी आधी शिरोरेघ विणली, मग खालची उभी काठी, गाठ, आडवी रेघ, काना. लिहावं तसं. शिरोरेघेच्या सात टाक्यांमागे निळा धागा मध्ये एकदा अडकवून घेतला, बाकी कुठे तेवढीही खटपट लागली नाही.

शेवटी आठ टाके घटवून 56, आणि 13 नंबरच्या सुयांवर दोन सुलट दोन उलट अशी निळी पट्टी.

या रीतीचा जाच कुठे होतो हेही सांगायला हवं. धाग्यांची टोकं. प्रत्येक बोटाला चार, म्हणजे जोडीला चाळीस, तीही खाचांच्या आसपास दाटलेली. शेवटची टोकं लांब ठेवून त्यांनीच खाचा जोडल्या, त्यामुळे थोडी कमी झाली. तरी टोकं मुरवायलाच एक अख्खी दुपार जाते असं वहिनी म्हणतात.

वापर आणि दुरुस्ती

मामांनी तो सगळा हिवाळा हीच जोडी वापरली. मेळ्यातून नवे आणले नाहीत. तर्जनीचं टोक शाबूत आहे, तळव्यावरची शाई ठिपक्यांत मिसळून गेली. पेपर मोजताना मोजा काढावा लागत नाही, म्हणजे हात एकदा गरम झाला की गरमच राहतो. चहाच्या कपाला बोट लावून बसणं थांबलं आहे.

झिजलं ते उजव्या अंगठ्याचं उघडं टोक. रोज शेकडो कागद त्या कडेवरून सरकतात, कड सैल झाली आणि एका ठिकाणी टाका तुटला. इथे या रीतीची खरी अडचण समोर आली. मनगटाकडून विणलेलं बोट झिजलं तर टोकाकडून उसवत खाली यायचं आणि पुन्हा विणायचं. साधं काम. टोकाकडून विणलेलं बोट टोकाकडून उसवत नाही, कारण विणकाम सुटतं ते फक्त शेवटाकडून, आणि इथे शेवट मनगटाशी आहे. मोजे करायला घ्यायच्या आधीच हे आम्ही बोललो होतो, आणि दुखऱ्या टोकाला गाठ नको हे जास्त महत्त्वाचं ठरलं होतं.

वहिनींनी नक्षी सुरू व्हायच्या आधीच्या निळ्या फेरीत बारीक सुईवर चोवीस टाके उचलून घेतले, त्यांच्या वरची फेरी कात्रीने कापली आणि जुनी कड सोडवून काढली. मग उचललेल्या टाक्यांवर वरच्या दिशेने पुन्हा चार फेऱ्या एक सुलट एक उलट, या वेळी निळ्या लोकरीबरोबर त्याच रंगाचा नायलॉनचा बारीक दोरा धरून. उलट्या दिशेने विणल्यामुळे टाके अर्ध्या टाक्याने सरकतात, पण ती जागा नुसत्या निळ्या फेरीत असल्याने दिसत नाही. मधल्या बोटाची कड अजून धड आहे. ती झिजेल तेव्हा याच रीतीने बदलायची म्हणून उरलेली निळी लोकर वहिनींनी पिशवीत घालून, वर सुयांचा नंबर लिहून ठेवली आहे.